गाडी आली कुठून?

श्रीरंग उकिडवे याला म्युनिकमध्ये घर मिळत नव्हतं, याची कारणं बरीच होती. पण जवळजवळ मिळालेलं घर जेव्हा हातचं जायला लागलं, तेव्हा त्याला कारण होती एक आगगाडी. तीही खरी नव्हे, सिनेमातली. खऱ्या आगगाडीने माणसाचं नुकसान केलं तर निदान कुठे तक्रार तरी करता येते. सिनेमातल्या आगगाडीविरुद्ध दाद कुणाकडे मागायची?

घराची निकड साधीसुधी नव्हती. शुभदा आणि चार वर्षांची अवनी चिंचवडला होत्या. श्रीरंग इथे आत्माराम ढोबळेबरोबर एका खोलीत राहत होता. परदेशी लोकांच्या कचेरीतल्या बाईने त्याला गोड हसून सांगितलं होतं, की बायकोमुलीला जरूर आणा, पण त्यांना पुरेल एवढं घर आधी दाखवा. एका खोलीत तुम्ही, तुमची पत्नी, तुमची कन्या आणि हेर, म्हणजे श्रीयुत, ढोबळे, हे आमच्या नियमात बसत नाही. ते श्रीरंगच्याही नियमात बसत नव्हतं. अवनीला आजोबांनी सांगून ठेवलं होतं की बाबा तिकडे घर करतोय. त्यामुळे ती दर फोनला विचारायची, "बाबा, स्लॅब पडला का?"

स्लॅब पडायची चिन्हं नव्हती. म्युनिकमध्ये घर बघायच्या कार्यक्रमाला बेझिख्तिगुंग म्हणतात. नाव अवघड असलं तरी प्रकार आपल्या ओळखीचा आहे. फक्त इथे मुलगी एक आणि मुलाकडचे चाळीस. जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग लागते. प्रत्येकाच्या हातात फाइल, चेहऱ्यावर आपण आयुष्यात कधी भिंतीला खिळा ठोकला नाही असा भाव. घरमालक प्रत्येकाला विचारतो, वाद्य वाजवता का, कुत्रा आहे का, फोडणी फार देता का. हा शेवटचा प्रश्न श्रीरंगलाच जास्त वेळा आला, हा अर्थातच योगायोग.

अशा कितीतरी रांगा लावल्यावर तो म्युनिकलगतच्या ग्रोबेनझेलला ब्रुनहुबर यांच्या दारात पोचला. एस-बान या लोकलच्या स्टेशनापासून चालत जाण्यासारखं दुमजली घर, मागे सफरचंदाची झाडं. खाली ब्रुनहुबर नवराबायको राहायचे आणि वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. फ्राऊ ब्रुनहुबर साठीच्या, गोलमटोल आणि लाल चष्म्याच्या. त्यांनी दार उघडलं, श्रीरंगकडे पाहिलं आणि दोन्ही हात छातीशी जोडले.

"इंडियन!" त्या म्हणाल्या. आजवर हा शब्द श्रीरंगने दारात पुष्कळदा ऐकला होता, पण इतक्या आनंदाने कुणी उच्चारला नव्हता.

त्या दिवसांत जर्मन टीव्हीवर हिंदी सिनेमे जर्मन भाषेत दाखवायची टूम निघाली होती. फ्राऊ ब्रुनहुबरना तो नाद असा लागला होता की बागेतली कामं मागे पडली होती. त्यातल्या एका सिनेमाने तर त्यांना पार वेड लावलं होतं. त्याचं मूळ नाव त्यांना ठाऊक नव्हतं. जर्मनांनी त्याचं नाव ठेवलं होतं, 'माझं हृदय तुझ्या स्टेशनावर थांबलंय आणि तुला ते कळतंय'.

"तुम्ही पाहिलाच असेल!"

श्रीरंगने पाहिला नव्हता. तो सिनेमे बघतच नसे. पण रांगेतल्या माणसाचं मन वेगळं असतं. त्या क्षणी बाईंनी विचारलं असतं की तुम्ही बर्फात अनवाणी नाचता ना, तरी त्याने मान डोलावली असती.

"नातुर्लिश, अर्थातच," श्रीरंग म्हणाला. "किती वेळा!"

इथे श्रीरंगविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होता. भाग मोडला की तो का मोडला, मग ते का झालं, मग तेही का झालं, असं खोदत जायचं हे त्याचं काम. ही सवय तो घरी ठेवून थिएटरात जाऊ शकत नसे. लग्नानंतर शुभदाबरोबर तो तीन सिनेमांना गेला. नायिका पावसात चिंब भिजून पुढच्या क्षणी कोरडी कशी? गोळी उजव्या खांद्याला लागली तर पट्टी डाव्याला का? हा विमानतळावर तिकीट न काढता आत कसा शिरला? चौथ्या सिनेमाला शुभदा तिच्या बहिणीबरोबर गेली आणि पुढेही तीच पद्धत पडली. श्रीरंगला याचं वाईट वाटलं नाही. उलट रविवारची दुपार मोकळी मिळाली म्हणून बरंच वाटलं.

तर बाईंनी त्याला हाताला धरून दिवाणखान्यात नेलं. तिथे हेर ब्रुनहुबर बसले होते. उंच, वाळलेले, पट्ट्याची विजार घातलेले. आयुष्यभर रेल्वेत गाड्यांची वेळापत्रकं आखून ते निवृत्त झाले होते.

"वॉल्टर, यांनी तो सिनेमा पाहिलाय! आणि हे इंजिनिअर आहेत!"

हेर ब्रुनहुबरनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. बऱ्याच दिवसांनी दुरुस्तीवाला घरी यावा तसा त्यांचा चेहरा खुलला.

"मग मला तीन गोष्टी समजावून सांगा," ते म्हणाले. "एक, मुलगा सहा वर्षांचा असताना नदीत वाहून जातो. मोठा होऊन मिशी लावून येतो. सख्खी आई ओळखत नाही आणि घरातला म्हातारा कुत्रा ओळखतो. कुत्र्याचं वय किती धरायचं? दोन, त्याच्यावर खटला होतो तेव्हा न्यायाधीश हा नायिकेचा बाप असतो. हे चालतं? आणि तीन..." इथे ते उभे राहिले. "नायिका पहिल्या भागात स्वतः सांगते, हे शेवटचं स्टेशन आहे, याच्यापुढे रूळ नाहीत. आणि शेवटी नायक ज्या गाडीने येतो ती येते कुठून? पुढून! जिथे रूळच नाहीत तिथून! हेर उकिडवे, हा प्रश्न आमच्या घरात चार महिने तसाच पडून आहे."

श्रीरंगचं कौतुक असं की हे ऐकताच त्याच्या मनात पहिला विचार आला, अगदी रास्त आक्षेप आहेत. दुसरा विचार घराचा आला.

"सगळ्याला कारण आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पण ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हेर ब्रुनहुबर म्हणाले. "रविवारी कॉफीला या."

दाराशी निरोप देताना बाई म्हणाल्या, की आणखी एका कुटुंबाचा विचार चालू आहे, नवराबायको दोघंही सरकारी नोकरीत आहेत. पण तुम्ही मला आवडलात, रविवारी आपण सिनेमाही बघू. श्रीरंगने एस-बानमध्ये बसल्या बसल्या ताडलं, की रविवारी आपली तोंडी परीक्षा आहे आणि परीक्षक म्हणजे तो म्हातारा. बाई बोलून चालून हौशी, निर्णय तर म्हाताऱ्याचाच. माणसं ओळखण्यात श्रीरंग स्वतःला फार वाकबगार समजत असे.

आत्माराम ढोबळे जर्मनीत त्याच्या दोन वर्षं आधी आला होता, त्यामुळे कुठल्याही विषयावर सल्ला देण्याचा अधिकार आपोआप त्याच्याकडे होता.

"सही होईपर्यंत कशालाच नाही म्हणायचं नाही, श्रीरंगा," तो कांदा चिरत म्हणाला. "आणि तो सिनेमा मला माहितीये. त्यात जुळा भाऊ आहे. जो जातो तो वेगळा, येतो तो वेगळा. संपला विषय."

"पण गाडी रूळ नसलेल्या बाजूने येते."

"जुळ्याची गाडी आहे ती!" आत्माराम म्हणाला, आणि यापुढे काही विचारणं म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान झाला असता.

महाराष्ट्र मंडळाच्या शोभनावहिनींनी तो सिनेमा पाहिलाच नव्हता असं होणं शक्य नव्हतं. "अहो भाऊजी, तो पुनर्जन्माचा!" त्या फोनवर म्हणाल्या. "नदीत वाहून जातो तो पहिला जन्म. आई कशी ओळखणार? तिच्या दृष्टीने तो परकाच ना! आणि जर्मन लोकांना पुनर्जन्म सांगा तुम्ही, बघा कसे माना डोलावतात. आमच्या योगाच्या वर्गाला येतात ना, त्यांना तर मागचे दोन-तीन पाठच असतात." शिवाय न्यायला म्हणून त्यांनी डबाभर चिवडा देऊ केला, तो मात्र निर्विवाद उपयोगी होता.

मूळ नाव न कळता सिनेमा शोधणं किती अवघड असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. श्रीरंगने अखेर चिंचवडला फोन लावला.

"शुभदा, एक सिनेमा आहे. त्यात नायक लहानपणी नदीत वाहून जातो."

"बरं."

"मोठा होऊन येतो तर आई त्याला ओळखत नाही."

"बरं. कुठला सिनेमा?"

"तेच तर तुला विचारतोय."

"अरे, मग नीट सांग ना! एवढं तर सगळ्यांतच असतं."

"शेवटी तो स्टेशनावर परत येतो."

"हां! मग तोच." शुभदाचा आवाज एकदम बदलला. "फार सुंदर आहे रे तो. आई ओळखते त्याला. पण तिने देवीपुढे शपथ घेतलेली असते, म्हणून बोलू शकत नाही. इतकी रडले होते ना मी. पण तुला काय एकदम सिनेमा सुचला?"

श्रीरंगने सगळी हकिगत सांगितली. मग विचारलं, "आणि ती गाडी कुठून येते?"

"कुठली गाडी?"

"शेवटची. पुढे रूळ नसतात ना."

"तू तिकडे जाऊनही तसाच राहिलास," शुभदा म्हणाली. "मला नाही माहीत गाडी कुठून येते. तो आला एवढंच मी बघितलं." मग तिने फोन अवनीकडे दिला आणि स्लॅबची चौकशी झाली.

आता श्रीरंगकडे तीन साक्षीदार होते आणि तिघांनी तीन निराळे सिनेमे पाहिले होते. जुळा भाऊ असलेल्यात शपथ नव्हती, शपथ असलेल्यात पुनर्जन्म नव्हता. यातला ब्रुनहुबरांचा सिनेमा कुठला, किंवा चौथाच कुठला, हे कळायला मार्ग नव्हता. एखाद्याने एक स्पष्टीकरण निवडून ते रेटलं असतं. पण श्रीरंग क्वालिटीतला. एकच उपाय ठेवला आणि तो फसला तर काय? त्याने तिन्ही न्यायचं ठरवलं.

रविवारी हेर ब्रुनहुबरनी त्याला पाहुण्यांच्या सपाता दिल्या. टेबलावर आलुबुखारांचा केक होता. बाईंनी चिवडा म्यूसली समजून वाट्यांत घालून चमच्यांसकट मांडला आणि हेर ब्रुनहुबरनी त्याच्यावर दही ओतून घेतलं. ते तसं वाईट लागत नाही, हे श्रीरंगला माहीत होतं, म्हणून तो बोलला नाही. मग बाईंनी पडदे ओढले, टीव्हीवरून टेप केलेली कॅसेट लावली आणि सोफ्याच्या कडेला रुमाल घेऊन बसल्या. शेजारची जागा त्यांनी थोपटून दाखवली, पण श्रीरंग अदबीने टेबलापाशी, परीक्षकासमोर बसला.

"तर, कुत्रा," हेर ब्रुनहुबर म्हणाले.

"आई त्याला ओळखते," श्रीरंगने सुरुवात केली. "पण तिने शपथ घेतली आहे. कुत्र्याने शपथ घेतलेली नाही."

हेर ब्रुनहुबरनी यावर विचार केला आणि मान हलवली. पहिला प्रश्न सुटला. श्रीरंगला हुरूप आला. न्यायाधीशाचं त्याने शोभनावहिनींच्या मदतीने उरकलं. खटला ज्याच्यावर चालतो तो या जन्मीचा, न्यायाधीशाची ओळख आहे ती मागच्या जन्मीच्या माणसाशी, तेव्हा पक्षपाताचा प्रश्न येत नाही. आणि गाडीच्या बाबतीत त्याने जुळा भाऊ काढला.

इकडे पडद्यावर सिनेमा चालला होता. नायक जर्मनमध्ये बोलायचा आणि हिंदीत गायचा. श्रीरंग एका डोळ्याने जुळ्या भावाची वाट बघत होता. पाऊण तास झाला, खलनायकाची दोन माणसं मेली, जुळा काही येईना.

"जुळा भाऊ कधी येतो?" हेर ब्रुनहुबरनी विचारलं.

"टीव्हीवाल्यांनी कापला," श्रीरंग म्हणाला. हे त्याला ऐन वेळी सुचलं आणि सुचल्याचा त्याला अभिमानही वाटला.

"संपूर्ण माणूस?"

"जाहिरातींसाठी जागा लागते ना."

हेर ब्रुनहुबर उठले आणि कपाटातून एक मोठा चौकटींचा कागद घेऊन आले. रेल्वेत गाड्या आखायचा तो प्रकार होता. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. दोन रेघा नको तिथे एकमेकींना छेदल्या की टक्कर. त्यांनी या कागदावर सिनेमातली सगळी माणसं आखली होती. नायक निळा, आई तांबडी, कुत्र्याची तुटक रेघ. आता जुळ्यासाठी त्यांनी हिरवी पेन्सिल टोकदार केली.

"पुनर्जन्म कितव्या वर्षी धरू?"

श्रीरंगने एक अंदाज सांगितला. रेघा ओढून झाल्यावर दोघंही कागदावर वाकले. नायक मरायच्या आधीच पुन्हा जन्मला होता, आणि दोन्ही जन्मांतला नायक आणि जुळा असे तिघे एकाच डब्यात बसले होते.

"हे चालणार नाही," हेर ब्रुनहुबर दुःखाने म्हणाले.

"नाही चालणार," श्रीरंगही म्हणाला. आणि इथेच घात झाला. कारण आता त्याला घर आठवेना, परीक्षा आठवेना. समोर एक मोडलेला भाग होता आणि तो का मोडला हे शोधायचं होतं. "जुळा काढून टाका. मला तो पहिल्यापासूनच पटत नव्हता."

"आल्झो, मला पुनर्जन्म पटत नव्हता!"

"तोही काढा. स्टेशनामागे इंजिन फिरवायचं चक्र असलं तर?"

"चक्रावर डबे फिरत नाहीत."

"मग डोंगराला वळसा घालून एखादी जुनी मालगाडीची लाइन?"

"गेनाऊ!" हेर ब्रुनहुबरनी टेबलावर थाप मारली. "पण मग नायिका खोटं बोलली!"

"तिला माहीतच नसेल! ती काय रेल्वेत आहे?"

सोफ्यावरून एकदा "श्श" आलं. मग काही वेळाने "बिट्टे, प्लीज" आलं. मग काहीच आलं नाही. पडद्यावर धुकं उतरलं होतं, लांब शिटी वाजली होती, आणि हे दोघे बोटं रोखून ओरडत होते, "सावली बघा, सावली! सूर्य डावीकडे आहे! म्हणजे गाडी उत्तरेकडून!" त्या दोघांइतकं सुखी त्या घडीला ग्रोबेनझेलमध्ये कुणी नसेल.

टीव्ही बंद झाला.

फ्राऊ ब्रुनहुबर हातात रिमोट घेऊन उभ्या होत्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा नुसता विझला होता.

"वॉल्टर, तू हा सिनेमा माझ्याबरोबर सहा वेळा पाहिलास," त्या म्हणाल्या. "शेवट मला एकदाही पाहू दिला नाहीस." मग त्या श्रीरंगकडे वळल्या. "हेर उकिडवे, मला वाटलं होतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी येईल ज्याच्याशी मला यावर बोलता येईल. एक वॉल्टर माझ्याकडे खाली आहेच. वर दुसरा नको."

श्रीरंगने आशेने हेर ब्रुनहुबरांकडे पाहिलं. ते पेन्सिली डब्यात भरत होते.

"त्याच्याकडे बघू नका," बाई म्हणाल्या. "हे घर माझ्या वडिलांचं आहे. भाडेकरू मी ठरवते. वॉल्टर फक्त कचऱ्याचे डबे कधी बाहेर ठेवायचे ते ठरवतो. त्या दुसऱ्या कुटुंबाला मी उद्या फोन करीन."

घर गेलं होतं. पण त्याला जास्त लागलं ते वेगळंच. हा विझलेला चेहरा त्याने आधी पाहिला होता. तिसऱ्या सिनेमातून बाहेर पडताना शुभदाचा असाच झाला होता. स्कूटरवर मागे बसून ती घरापर्यंत एक शब्द बोलली नव्हती, आणि त्याने मात्र सगळा वेळ तिला विमानतळावरची सुरक्षा व्यवस्था समजावून सांगितली होती. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"फ्राऊ ब्रुनहुबर," तो म्हणाला, "मी हा सिनेमा पाहिलेलाच नाही."

"ते मला कळलं," त्या म्हणाल्या. "ज्याने तो पाहिलाय तो माणूस शेवटच्या सीनला बोलणार नाही."

"मी खोटं बोललो. मला घर हवं होतं. बायको आणि मुलगी तिकडे आहेत, घराशिवाय त्यांना आणता येत नाही." इतकं खरं एका दमात बोलायची सवय नसल्याने त्याला धाप लागली. "घर त्या दुसऱ्यांना द्या, तुमचं बरोबर आहे. पण जायच्या आधी मला तेवढा शेवट दाखवाल? मी बोलणार नाही."

बाईंनी सोफ्यावरची उशी सरळ केली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "वॉल्टर, स्वयंपाकघरात जा." हेर ब्रुनहुबर आपला कागद आणि दही-चिवड्याची वाटी घेऊन निमूटपणे गेले.

कॅसेट मागे गेली. श्रीरंग सोफ्यावर, मघाशी थोपटलेल्या जागी बसला. पुन्हा धुकं उतरलं, पुन्हा शिटी झाली. नायिका फलाटावर एकटी उभी होती. सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की तो गेला, आता यायचा नाही, आणि तरी ती रोज येऊन उभी राहत होती. गाडी थांबली. नायक उतरला, वाळलेला, दाढी वाढलेला. श्रीरंगला वाटलं, आता ही धावत जाणार आणि गाणं सुरू होणार. पण ती धावली नाही. जवळ गेली, त्याच्या हातातली बॅग आपल्या हातात घेतली आणि स्वच्छ जर्मनमध्ये त्याला म्हणाली, "जेवलास का?"

शुभदा दर फोनला सगळ्यात आधी हेच विचारायची. दरवेळी श्रीरंग "हो" म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळायचा. आता त्याचा चष्मा धुकटला आणि पुढचं त्याला नीट दिसेना. खिशात रुमाल सापडेना म्हणून त्याने कॉफीच्या टेबलावरचा फुलाफुलांचा कागदी नॅपकिन ओढला आणि त्यात नाक शिंकरलं. आवाज जरा मोठाच झाला, पण त्याबद्दल सोफ्यावरून "श्श" आलं नाही.

फ्राऊ ब्रुनहुबर पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या श्रीरंगकडे बघत होत्या.

"हेर उकिडवे," स्वयंपाकघरातून आवाज आला, "या वेळी नीट पाहिलंत का? डावीकडून आली की उजवीकडून?"

"काय?" श्रीरंगने नॅपकिनमधून विचारलं.

"गाडी!"

श्रीरंगने खरोखर आठवून पाहिलं. धुकं आठवलं, बॅग आठवली, नायिकेची पातळ शाल आठवली. गाडी मात्र काही केल्या आठवेना. "माफ करा," तो म्हणाला, "मी बघितली नाही."

बाईंनी टीव्ही बंद केला, पडदे उघडले आणि त्याच्या ताटलीत न विचारता केकचा आणखी एक तुकडा वाढला. "एक तारखेपासून वरचा मजला मोकळा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या बायकोला सिनेमे आवडतात का?"

ग्रोबेनझेल स्टेशनावर एस-बानला वेळ होता. श्रीरंगने तिथल्याच फोनवरून चिंचवडला फोन लावला. घर मिळालं म्हटल्यावर पलीकडे एकच गलका झाला, आईने कुणाला तरी देवापुढे साखर ठेवायला सांगितलं, अवनी ओरडत घरभर पळाली. मग सगळं निवळल्यावर शुभदाने हळूच विचारलं, "मग गाडीचं काय सांगितलंस त्यांना?"

"काही नाही," श्रीरंग म्हणाला. "मी रडलो."

"कशाला?"

"सिनेमा बघून."

कार्डावरचे पैसे उडत होते, पण श्रीरंगने घाई केली नाही.

"खोटं बोलतोस," ती अखेर म्हणाली, पण तिचा आवाज ओला झाला होता. "बरं ऐक. आम्ही येऊ तेव्हा विमानतळावर वेळेवर ये. आणि आम्ही दारातून बाहेर पडलो की नुसता समोर उभा राहा. कुठल्या बाजूने आलात, एवढा उशीर का, पट्ट्यावर सामान कितव्या फेरीला आलं, यातलं एक अक्षर विचारायचं नाही."